लक्षणं तोंडपाठ

मधुमेहाच्या विषयात मला कोणी अडवून दाखवावं! हे वाक्य मी आता म्हणत नाही. पण नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना दिवसातून चारदा म्हणायचे, आणि ऐकायला कोणी नसलं तर आरशाला ऐकवायचे.

आमची बॅच म्हणजे काय सांगू तुम्हाला! सदतीस मुली. त्यातल्या छत्तीस जणींना स्वादुपिंड कुठे असतं असं विचारलं, की त्या आधी स्वतःचं पोट चाचपायच्या, मग शेजारणीचं. एकीने पेपरात लिहिलं होतं, 'इन्सुलिन फ्रिजमध्ये तयार होते.' अगं बाई, फ्रिजमध्ये ठेवतात! तयार पोटात होतं! दुसरीने मधुमेहाचे दोन प्रकार लिहिले होते : साधा आणि फार गोड. अशा या कळपात मी एकटी शहाणी. मला तर कधीकधी त्यांची दयाच यायची. म्हणजे, वेळ असला तर.

माझ्या तीन वह्या होत्या. हिरवी गोळ्यांची, निळी इन्सुलिनची, लाल गुंतागुंतीची. कुठली गोळी जेवणाबरोबर घ्यायची, कुठली जेवणाआधी, कुठल्या गोळीने साखर धाडकन खाली येऊ शकते, सिरिंजमध्ये पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन आधी ओढायचं की दुधाळ आधी, डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडं, पायाच्या नसा यांची कशी कशी वाट लागते... झोपेतून उठवून विचारा! आणि लाल वहीचं पान बारा म्हणजे तर माझा जीव की प्राण. त्या पानावर 'हायपो'ची अठरा लक्षणं होती. हायपो म्हणजे रक्तातली साखर एकाएकी घसरणं. पुस्तकात बाराच लक्षणं होती. सहा मी इतर पुस्तकं धुंडाळून वाढवली होती. पुस्तकाला जे जमलं नाही, ते मी केलं होतं!

वर्गात मला 'टेप' म्हणायचे. एकदा बटण दाबलं की कॅसेट संपेपर्यंत थांबत नाही म्हणून. जळतात, दुसरं काय!

माझ्या खोलीत राहायची ढापणी. जाड भिंगांचा चष्मा, मुंगीएवढा आवाज, आणि धीर म्हणाल तर अंगात नावाला नाही. अभ्यासाचं सोडून ही पेशंटच्या उशाशी गप्पा मारत बसायची. कोणाच्या सुनेला कितवा महिना आहे, कोणाला घरची मांजर आठवते, हे सगळं हिला पाठ. गोळ्यांची नावं मात्र दर वेळी नव्याने ऐकल्यासारखी ऐकायची.

"अगं, आपले शिंपीकाका आज जेवले नाहीत नीट," ती खोलीवर येऊन सांगायची.

"का जेवले नाहीत, ते परीक्षेत येणार आहे का?"

"नाही, पण..."

"मग झोप."

हे शिंपीकाका म्हणजे वॉर्डातला चौथ्या खाटेवरचा पेशंट. परीक्षेसाठी ते माझ्या वाट्याला आले होते. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या की टोचलेलं कळत नाही, हे वहीतलं वाक्य. आणि हा माणूस स्वतःच्याच दुकानातली सुई टाचेत घेऊन सहा दिवस शिलाई मशीन चालवत बसला होता! सहा दिवस! पाय सुजला, मोजा निघेना, तेव्हा बायकोने तो कात्रीने कापून काढला, तर आत सुई. तीसुद्धा दोरा ओवलेली! काकांना दवाखान्यात आणलं, तेव्हा सगळे हळहळले. मी मात्र आनंदाने उडायचीच बाकी होते. लाल वहीचं पान सात जिवंत होऊन खाटेवर बसलं होतं!

परीक्षेला आठवडा राहिला, तेव्हा मी ठरवलं, नुसतं पाठांतर नको, काम दिसलं पाहिजे. म्हणून मी वॉर्ड साखरमुक्त केला. उशाखालची बिस्किटं जप्त. कपाटातली जॅमची बाटली जप्त. शिंपीकाकांच्या डब्यातल्या लिंबाच्या गोळ्या दोनदा जप्त, कारण जप्त केल्यावर दुसऱ्या दिवशी नव्या उगवल्या होत्या. वॉर्डाच्या स्वयंपाकघरातला साखरेचा मोठा डबा जप्त. आणि इमर्जन्सीच्या कपाटातला ग्लुकोजच्या पावडरीचा डबा? हो, तोही! मधुमेहाच्या वॉर्डात हा डबा कशासाठी ठेवतात, हे लाल वहीत मीच माझ्या हाताने लिहिलं होतं. पण डबा हातात होता, तेव्हा वही हातात नव्हती.

सगळा माल एका खोक्यात भरून मी स्टोअरमध्ये जमा केला. स्टोअर दहाला उघडायचं.

फक्त वॉर्डातल्या मावशी तेवढ्या आडव्या आल्या. मावशी म्हणजे फरशी पुसणाऱ्या, पेशंटला भांडं देणाऱ्या, तीस वर्षं त्याच वॉर्डात. शिक्षण चौथी नापास, तोंड मात्र एम.ए. पास!

"माझ्या चहाची साखर कुठे नेतेस गं? मला कुठे आहे तुझा मधुमेह?"

"मावशी, पेशंटपुढे आदर्श ठेवायचा असतो."

"आदर्शाने चहा गोड होतो का?"

"तुम्हाला नाही कळायचं ते," मी म्हटलं आणि डबा खोक्यात घातला. चौथी नापास बाईशी काय वाद घालायचा!

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरच्या परीक्षक येणार होत्या. मुली त्यांना 'कात्री' म्हणायच्या. मागच्या वर्षी त्यांनी नऊ जणींना नापास केलं होतं, आणि तेही वर न बघता. त्या आदल्या दिवशीच येऊन दवाखान्याच्या आवारातल्या पाहुण्यांच्या खोलीत उतरल्या होत्या. त्यांची बडदास्त ठेवायचं काम आमच्या ट्यूटरबाईंनी माझ्याकडे दिलं. दुसऱ्या कोणाकडे देणार?

"मॅडम साडेआठला वॉर्डात येतील," ट्यूटरबाईंनी बजावलं. "आल्या आल्या नाश्ता द्यायचा. आधी नाश्ता, मग परीक्षा. राहील लक्षात?"

"मॅडम, अठरा लक्षणं माझ्या लक्षात राहतात!"

राहिलंच होतं हो लक्षात. पण माझ्या डोक्यात एक बेत होता. माझा रोल नंबर एकोणीस. म्हणजे माझ्याआधी अठरा जणी स्वतःची पोटं चाचपणार, मॅडमचं डोकं उठवणार, आणि माझी पाळी येईपर्यंत मॅडम जांभया देणार. हिऱ्याची पारख करायला डोळे ताजे नकोत? तेव्हा मी सकाळीच कँटीनवाल्याला जाऊन सांगितलं, "अंडी, ब्रेड, जे काय आहे ते साडेनऊला आणा. त्याआधी नको." एक तास माझा! मॅडमनी आधी मला ऐकायचं, मग त्या मापाने बाकीच्यांना मोजायचं. बाकीच्यांचं पुढे काय होणार, याचा विचार करून मला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

बरोबर साडेआठला कात्री मॅडम आल्या. बुटक्या, किरकोळ, घट्ट अंबाडा, अंगात पांढरा कोट आणि खांद्याला भली मोठी पर्स. आल्या आल्या म्हणाल्या, "नाश्ता कुठे आहे?"

"येतोच आहे मॅडम! जरासा वेळ आहे. तोवर माझी केस बघून घ्या ना. मी अगदी तयार आहे."

"अहो, मला आधी खायला हवं. माझं इंजेक्शन झालंय—"

"इंजेक्शनचा ट्रे झालाय मॅडम! मीच लावलाय!"

"ट्रे नव्हे. मी म्हणते, इन्सुलिन घेतल्यावर—"

"स्वच्छ आधी, दुधाळ नंतर!" मी तोफ डागली. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर! बघा, आहे का कोणाची टाप!

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, गार झाल्या.

"बरं, निदान चहा तरी?"

चहा मी हजर केला. बिनसाखरेचा. एक घोट घेऊन त्यांनी कपात बघितलं.

"यात साखर नाही. एखादं बिस्किट वगैरे?"

आता हा मात्र सापळा होता! मी मनातल्या मनात हसले. एवढ्या साध्या सापळ्यात मी सापडणार?

"बिस्किट, मॅडम? मधुमेहाच्या वॉर्डात?" मी मान तिरकी करून म्हटलं, आणि बिस्किटातला मैदा, साखर आणि तूप यांच्यावर पाच मिनिटं बोलले.

"माझी पर्स द्या बरं," मॅडम मध्येच म्हणाल्या. पर्स त्यांनी टेबलावर ठेवली होती. ती मी केव्हाच उचलली होती.

"पर्स अगदी सुरक्षित आहे मॅडम! ट्यूटरबाईंच्या कपाटात, कुलपात. चावी त्यांच्याकडे आहे, आणि त्या खाली मुलींना रांगेत बसवतायत. तुम्ही पर्सची अजिबात काळजी करू नका!"

मॅडमनी घड्याळ बघितलं. ओठ आवळले. "दहा मिनिटांत आटपा," म्हणाल्या आणि शिंपीकाकांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसल्या. ढापणीला ट्रे धरायला मीच उभी केली होती. निदान ट्रे तरी धरेल!

दहा मिनिटं! मला नुसता श्वास घ्यायला दहा मिनिटं लागतात. मी हिरवी वही उघडली. म्हणजे डोक्यातली. गोळ्या झाल्या. निळी वही झाली. शिंपीकाकांचा पाय मी उचलून दाखवला, दुकानदार नवं कापड दाखवतो तसा.

"सावकाश गं पोरी," काका म्हणाले. "माझाच पाय आहे तो."

"काका, तुम्हाला कुठे कळतं दुखतंय ते! हे बघा मॅडम, बधिरपणा!"

"पुरे," मॅडम म्हणाल्या.

मला ऐकू आलं, 'पुढे'. मी पुढे गेले. मूत्रपिंडं घेतली. मॅडम पुन्हा म्हणाल्या, "पुरे." मी आणखी पुढे गेले, डोळ्यांचा पडदा घेतला. तिसऱ्यांदा त्या जे म्हणाल्या, ते जरा जडच ऐकू आलं, पण 'पुढे'च असणार. इतकं रंगलेलं व्याख्यान थांबवायला सांगेल कोण?

आणि आलं हो, पान बारा! मी पदर... म्हणजे एप्रन सावरला, घसा खाकरला.

"आता हायपो! इन्सुलिन घेतलं आणि वेळेवर खाल्लं नाही, की रक्तातली साखर घसरते. त्याची लक्षणं एकूण अठरा! पुस्तकात बाराच आहेत. लक्षण पहिलं, घाम!"

मॅडमनी रुमालाने कपाळ पुसलं. पुन्हा पुसलं. मला वाटलं, बरोबर आहे. अशी विद्यार्थिनी बघून परीक्षकाला घाम फुटणारच.

"दुसरं, हातांना कंप!"

मॅडमचं पेन कागदावर टकटक टकटक वाजत होतं. मार्क लिहायला हात नुसता शिवशिवत होता बाईंचा!

"तिसरं, छातीत धडधड!"

मॅडमनी छातीवर हात ठेवला. भारावल्या.

"अगं," मागून मुंगीचा आवाज आला, "मॅडमना घाम येतोय बघ."

"मग पंखा लाव," मी दातओठ खात पुटपुटले.

"हातही थरथरतायत गं..."

"तुझी पाळी आली की तुझेही थरथरतील. ट्रे धर नीट! चौथं, मॅडम, भूक! पाचवं, चेहरा पांढरा पडणं! सहावं, विनाकारण चिडचिड!"

"काय बघताय माझ्याकडे?" मॅडम एकदम शिंपीकाकांवर खेकसल्या. काकांनी घाबरून पाय पांघरुणात घेतला. मला मनापासून बरं वाटलं. सारखा मध्ये मध्ये बोलणारा पेशंट कोणाला आवडेल?

सातवं, आठवं, नववं. कॅसेट झकास फिरत होती. "दहावं, नजर अंधूक!" म्हटलं, तेव्हा मॅडमनी मार्कांचा कागद उलटा धरून डोळ्यांजवळ नेला होता. "अकरावं, जीभ जड होणं!" म्हटलं, तेव्हा त्या काहीतरी बोलल्या, पण ते शब्द ओल्या कपड्यांसारखे एकमेकांना चिकटलेले होते. "बारावं, गोंधळ! पेशंटला समोरचा माणूस ओळखू येत नाही!"

"तुम्ही... कोण?" मॅडमनी मला विचारलं.

नाव लक्षात ठेवायचं असणार! बक्षिसाला सुचवायचं असणार! "रोल नंबर एकोणीस, मॅडम!" मी ताठ उभी राहून सांगितलं.

मॅडम हसल्या. कात्री हसली! डोळे अर्धे मिटलेले, मान एका बाजूला कललेली, चेहऱ्यावर लहान बाळासारखं हसू. हात लांब करून त्यांनी माझ्या गालावर थोपटलं. पहिल्यांदा गाल सापडला नाही, कानावर थोपटलं, मग गालावर.

"किती... हुशार..." त्या म्हणाल्या. "किती हुशार मुलगी..."

माझे पाय फरशीवर टेकले होते की नाही, देव जाणे. मी ढापणीकडे असा कटाक्ष टाकला की बस्स! तिचे डोळे चष्म्याबाहेर आले होते.

"तेरावं!" मी ओरडलेच. "तोल जाणं! चौदावं—"

धाडकन आवाज झाला. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला मावशींच्या हातातली बादली पडली होती, आणि मावशी ओल्या फरशीवरून घसरत, सावरत पळत येत होत्या.

"ए टेप! बंद कर ते! बाईंची साखर गेली!"

"मावशी, परीक्षा चालू आहे! चौदावं लक्षण—"

"चौदावं घाल चुलीत!" मावशींनी मला कोपराने ढकललं आणि स्टुलावरून घसरणाऱ्या मॅडमना दोन्ही हातांनी धरलं. मॅडमची मान मावशींच्या खांद्यावर पडली. अंबाडा सुटला. घामाने कोट पाठीला चिकटला होता, आणि चेहरा कागदासारखा झाला होता. तो चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. पाऊण तास समोर होता, पण बघितला तेव्हा पहिल्यांदा.

"बाई, माझं ऐकू येतंय का? गिळता येईल का?" मावशी विचारत होत्या. मॅडमनी कशीबशी मान हलवली. "अजून शुद्धीवर आहेत! साखर आण पटकन! उभी काय राहिलीस?"

साखर!

वॉर्डात साखर नव्हती. दाणा नव्हता! साखरेचा डबा, ग्लुकोजचा डबा, जॅम, बिस्किटं, मावशींच्या चहाची साखर, सगळं खोक्यात. खोकं स्टोअरमध्ये. स्टोअर दहाला उघडणार, आणि घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं. मॅडमच्या पर्समध्ये नक्की काहीतरी असणार, पण पर्स कुलपात. नाश्ता साडेनऊला! हे सगळं ज्या एका बाईने केलं होतं, तिला मी कुठे शोधू आणि काय करू, असं मला झालं. मग लक्षात आलं, ती मीच.

मी इमर्जन्सीच्या ट्रॉलीकडे धावले. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज, शिरेतून, सावकाश! पाठ होतं हो! पहिला अँप्यूल फोडताना हातातच चुरा झाला. दुसरा घरंगळत थेट सातव्या खाटेखाली गेला. मी पोटावर झोपून खाटेखाली शिरले, आणि तिथून मला फक्त ढापणीचे बूट दिसत होते, ट्यूटरबाईंना बोलवायला दाराबाहेर धावणारे.

"पोरी," चौथ्या खाटेवरून शिंपीकाकांचा आवाज आला. "बाहेर ये. आणि ओरडणार नसशील तर एक सांगतो."

मी डोकं वर काढलं. काकांनी उशी मांडीवर घेतली होती. अभ्र्याच्या आतल्या कडेचा एक टाका त्यांनी दातांनी तोडला, सर्रकन दोरा ओढला, आणि आतून एक सुबक चोरखिसा उघडला. खिशात साखरेच्या पुड्या! चहावाल्याकडे मिळतात तशा, कागदी, एकावर एक नीट रचलेल्या. अकरा!

"काका!" मी खाटेखालून किंचाळले. "तुम्ही साखर खाता? तुमचा पाय बघा! तुमचा रिपोर्ट बघा! मी तुम्हाला किती वेळा—"

"भाषण नंतर!" मावशी गरजल्या. "आधी पाणी आण, मूर्ख मुली!"

मी पाणी आणलं. मावशींनी चार पुड्या फोडून पाण्यात ढवळल्या आणि एकेक घोट, गिळला की पुढचा, असं करत मॅडमना पाजलं. मधूनमधून पाठीवर हात फिरवत होत्या, आणि माझ्याशी ज्या आवाजात बोलल्या होत्या त्याच्या अगदी उलट आवाजात म्हणत होत्या, "हां, गिळा. शाणी माझी बाय ती. आणखी एक."

ढापणी ट्यूटरबाईंना घेऊन परत आली आणि कोणी काही सांगायच्या आत तिने मॅडमचं बोट पुसून, टोचून साखर मोजायच्या मशीनवर थेंब घेतला. बेचाळीस! तो आकडा बघून ट्यूटरबाई मटकन खाटेवर बसल्या, शिंपीकाकांच्या पायापासून वीतभर अंतरावर.

त्यानंतरची पंधरा मिनिटं मी भिंतीला चिकटून उभी होते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हेही पाठ होतं, पण सांगायची हिंमत नव्हती. सांगायची गरजही नव्हती. ढापणी घड्याळाकडे बघत, मॅडमचा हात हातात धरून बसली होती आणि त्यांना कोणत्या तरी मांजरीची गोष्ट सांगत होती. पंधरा मिनिटांनी आकडा ऐंशीवर आला. तेवढ्यात कँटीनवाला नाश्ता घेऊन दारात उभा राहिला. बरोबर साडेनऊ. एवढा वेळेवर येणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही, आणि त्याचा आला तितका राग आजवर कोणाचा आला नाही.

"तुम्हीच म्हणालात ना, साडेनऊच्या आधी आणू नका?" त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं.

मॅडमनी दोन अंडी आणि तीन ब्रेड खाल्ले. तोंड पुसलं, अंबाडा बांधला, मार्कांचा कागद सुलटा केला. आणि मग कात्री परत आली.

"रोल नंबर एकोणीस."

"हो मॅडम."

"किती लक्षणं झाली तुमची?"

"तेरा झाली. चौदाव्याला..." आणि पुढे मी जे बोलले, ते आठवलं की अजूनही मला उशीत तोंड खुपसावंसं वाटतं. "उरलेली सांगू का, मॅडम?"

वॉर्डात कोणीतरी खोकलं. बहुधा शिंपीकाका.

"अठरावं तेवढं सांगा," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

अठरावं काय होतं, ते मला ठाऊक होतं. पण पाच-सहा घोट साखरपाणी वेळेवर मिळालं नसतं, तर ही समोर बसलेली, ब्रेडचे कण कोटावरून झटकणारी बाई आत्ता कुठे असती, ते एकदम माझ्या पोटात शिरलं. स्वादुपिंड असतं ना, अगदी त्याच जागी. मी कधी नव्हे ते रडायला लागले. मोठ्याने, नाकातून, अगदी लाजिरवाणं.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "पाणी प्या. आणि सहा महिन्यांनी या."

नापास. कागदावर पाठांतराच्या रकान्यात पैकीच्या पैकी होते आणि पेशंटच्या निरीक्षणाच्या रकान्यात शून्य. इतकं गोल आणि देखणं शून्य, की हात आता अजिबात थरथरत नाही, हे कोणालाही कळावं. ढापणी त्याच दिवशी पहिली आली. तिला गोळ्यांची तीन नावं आठवली नव्हती. मॅडमनी ती स्वतः सांगितली म्हणे!

शिंपीकाकांचीही सुटका झाली नाही. मॅडमनी उरलेल्या सात पुड्यांपैकी चार जप्त केल्या आणि त्यांच्या साखरेवरून, पायावरून, मोज्यावरून त्यांना असं काही झापलं, की मी झापायचे ते त्यापुढे अंगाई वाटावं. आणि उरलेल्या तीन? आपला पांढरा कोट काढून त्यांनी काकांच्या हातात दिला.

"याला आतून असाच एक खिसा शिवून द्या. तीन पुड्या मावतील एवढा. पर्सचा भरवसा नाही."

काकांनी खाटेवर बसल्या बसल्या शिवून दिला. नव्या सुईने, मॅडमच्या देखरेखीखाली, आणि काम झाल्यावर सुई मोजून परत घेतली गेली.

दुपारी मुली परीक्षा संपवून हसत-खिदळत गेल्या. मी कपड्यांच्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्यावर बसून होते. मावशी चादरी न्यायला आल्या. मला जरा बाजूला सरकवून त्या चादरी मोजायला लागल्या. शेवटी मीच म्हटलं, "मावशी, मला एक सांगाल? मी पाऊण तास समोर उभी होते. मला कळलं नाही. तुम्हाला वॉर्डाच्या त्या टोकावरून कसं कळलं? घाम दिसला का?"

"एवढ्या लांबून घाम दिसतो होय? चष्मा नाही माझ्याकडे."

"मग हाताची थरथर?"

"छे!"

"मग बोलणं जड झालं, ते ऐकू आलं?"

मावशींनी चादरींचा गठ्ठा कमरेवर घेतला.

"त्या बाई तुला हुशार म्हणाल्या ना, ते ऐकू आलं. म्हटलं, गेली! बाईंची साखर पार डोक्यातून गेली! आणि मी बादली सोडून धावले."